शेवंताचा भुईनळा

आमच्या मालकांचं वागणं म्हणजे एका हातानं ढकलायचं आणि दुसऱ्या हातानं धरायचं. आता ते नाहीत म्हणून माघारी बोलते असं कुणी समजू नये. ते होते तेव्हा मी तोंडावर बोलत होते, आणि निम्म्या कुंभारवाड्याला ते ऐकू जात होतं.

त्या वसुबारसेचंच घ्या. सोप्यात जुनं धोतर अंथरून मालक भुईनळे भरायला बसले होते. आमच्यात नळा बाजारातून आणायची पद्धत नव्हती. कांद्याएवढी मातीची खोळ चाकावर काढायची, उन्हात खडखडीत वाळवायची, उलटी धरून बुडाकडून तिच्यात दारू ठासायची आणि बूड चिखलानं लिंपून टाकायचं. पुढ्यात सोरा, गंधक, रुईचा कोळसा, बिडाचा कीस, एकेक जिन्नस मातीच्या वेगळ्या परळात मांडलेला. आमची थोरली, शेवंता, शेजारी बसून फडक्यातून कोळसा गाळत होती. नाकापासून कानापर्यंत काळी झाली होती पोर. आणि मालकांनी बिडी ओठात धरून तिला सांगितलं, "शेवंते, चुलीतला इस्तू आण गं."

शेवंता उठली. माझ्या पुढ्यातल्या चुलीतून फुललेला निखारा तिनं दोन बोटांनी उचलून खापरीवर टाकला, तळव्याचा आडोसा केला आणि अनवाणी सोप्यात गेली. मालकांनी दारूकडं पाठ केली, तेवढी अक्कल त्यांना होती, बिडी शिलगावली, एक झुरका घेतला आणि धूर सोडता सोडता म्हणाले, "आन् त्या नळ्यास्नी हात लावू नगंस. भाजशील."

मी भाकरी तव्यावर टाकून बाहेर आले. म्हटलं, दारू ठासताय तुम्ही, बिडी ओढताय तुम्ही, विस्तव हातानं आणतीय ती, आणि भाजायची तेवढी तीच होय? मालक नेहमीसारखे बहिरे झाले. नवरा म्हणून ती एक कला त्यांना छान साधली होती.

शेवंता मात्र जागची हलली नाही. खापरी हातात तशीच. म्हणाली, "आबा, या साली तरी एक नळा मी लावू?"

हे मागणं काही नवं नव्हतं. बोलायला लागल्यापासून दर दिवाळीला ती हे एकच मागायची. कापड नको, बांगड्या नकोत, एक नळा माझ्या हातानं लावायचा. आणि दर दिवाळीला मालकांचा नकार नवा. लहान होती तेव्हा म्हणायचे, तुझा हात हलतोय. मग म्हणायला लागले, परकर झुलतोय, ठिणगी पडंल. साडी नेसायला लागली तेव्हा पदराची भीती निघाली. त्या साली तर फारच भारी कारण सापडलं होतं. तुळशीचं लग्न झालं की शेवंताचं लग्न होतं. मुलगा वाळव्याकडचा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला, माणसं चांगली.

"लगीन तोंडावर आलंय," मालक म्हणाले. "तोंडाला डाग पडला तर पाव्हण्यास्नी काय सांगू? सासरी जा, मग काय पायजे ते पेटव."

शेवंता खापरी चुलीत पालथी करून पुन्हा कोळसा गाळायला बसली. धाकटा दिनकर तिथंच खांबाला टेकून होता. त्याची तऱ्हा उलटी. त्याला आवाजाची भीती, ठिणगीची भीती, आणि मालक दरसाल त्याच्या हातात जळती काडी कोंबून म्हणायचे, गडीमाणूस ना तू, भितोस काय. ते पोरगं डोळे मिटून, तोंड फिरवून, रडत रडत नळा लावायचं. ज्याला नको त्याला बळंबळं, आणि जिला हवा तिला भाजशील. मी मालकांचं वागणं म्हणते ते हे.

ते शब्द मला मात्र फार ठाऊक होते. सासरी जा, मग पेटव. पाटणच्या खोऱ्यात माझं माहेर. माझा बापही कुंभारच. त्याचा कोळसा मी गाळला, त्याच्या खोळी मी लिंपल्या, आणि त्यानंही मला हेच सांगितलं होतं. सासरी आले तर सासू म्हणाली, सून अंगणात नळे उडवायला लागली तर लोक भांडी घ्यायला नाही, तमाशा बघायला येतील. मग पोरं झाली. मग पोरांची आई कशाला उडवते. नळा उंबऱ्यावरून कसा दिसतो ते मला विचारा, कुणापेक्षा चांगलं सांगेन. पण काडी लावल्यावर पहिल्यांदा त्याच्या तोंडापाशी जे काय होतं, तो वर चढायच्या आधी, ते वाकून लावणाऱ्यालाच दिसतं. दिनकरला विचारलं तर म्हणाला, मी डोळे मिटले होते.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. त्या दिवशी मडकी भाजायचा आवा पेटवायचा होता, आणि तो आवा साधा नव्हता. शेवंताच्या लग्नाची भांडी त्यात होती. बोहल्याच्या चार कोपऱ्यांना मडक्यांची उतरंड लावतात, ती गावातल्या सगळ्या लग्नांना आमच्याच घरातून जायची. आता घरच्याच पोरीची. मालकांनी ती भांडी महिनाभर चाकावर काढली होती. एक वाकडं आलं की मोडायचं, पुन्हा काढायचं. मी एकदा म्हटलं, लोकांच्या पोरींना वाकडी दिलीत, तेव्हा बोहलं पडलं का? त्यावरही बहिरेच.

आमच्या घरची एक रीत होती, मालकांच्या आजापासूनची. आव्याला पहिली चूड, पेटत्या काटक्यांची जुडी, लावायची ती घरातल्या कुवार पोरीनं. तिच्या हातानं पेटला की मडकं फुटत नाही म्हणे. मालकांची बहीण घरात होती तोवर ती लावायची. ती लग्न होऊन गेली आणि मधली कितीतरी वर्षं मालकांनी स्वतःच लावला, आणि प्रत्येक आव्यात फुटलेली भांडी मोजत बसायचे. मग शेवंता झाली. ती नीट चालायला लागल्यावर मालकांनी तिच्या हातात जळती चूड दिली, तिच्या मुठीवर स्वतःची मूठ धरली आणि आवा पेटवला. मी तेव्हा आडवी आले होते. म्हटलं होतं, चिमुरडं पोर ते, आगीत घालताय का? तर म्हणाले, आपल्यातली पोर हाय, आग तिला वळखती.

तेव्हापासून आवा शेवंताचा. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, आवा म्हणजे चूल नव्हे. खळ्याएवढी जागा, तिच्यावर मडक्यांचे थर, वर शेणी, काटक्या, पालापाचोळा आणि राखेचं पांघरूण. पेटला की घटकेभरात आच अशी येते की भुवया चरचरतात. शेवंता पदर कमरेला खोचून यायची, आव्याला हात जोडायची, वारा कुठला ते थुंकीनं बोट ओलं करून बघायची आणि वाऱ्याच्या अंगानं चूड लावत चारी बाजूंनी फिरायची. पळायची नाही. चालायची. तिला तसं चालताना पाहिलं की मला वाटायचं, ही माझ्या पोटची आहे ना, की देवळातून उठून आलीय.

त्या दिवशीही तशीच फिरली. धूर आधी पांढरा आला, मग पिवळा, आणि मग राखेच्या पांघरुणाखालून लाल कडा दिसायला लागली. मालक लांब उभे राहून बघत होते. आव्याकडं कमी, पोरीकडं जास्त. शेजारची तानूबाई कडेला उभी होती. ती म्हणाली, लग्न ठरलेली पोर आव्याजवळ कशी पाठवली? मालक म्हणाले, आमच्यात रीत हाय.

मी संधी बघून डाव साधला. म्हटलं, "आव्यानं डाग पडत न्हाई, नळ्यानंच पडतो व्हय?"

मालक म्हणाले, "ते काम हाय. ह्यो खेळ."

बास. एवढंच. पण त्या एवढ्याशा बोलण्यानं माझ्या डोक्यात तिडीक गेली. चूल ती काम, आवा तो काम, विस्तव आणणं काम. तव्यावरची भाकरी हातानं उलटायला मीच तिला शिकवली होती, तेही काम. कामाची आग पोरीच्या जातीला कधी भाजतच नाही. खेळाची आली की लगेच तोंड, पदर, पाव्हणे. मी तिथंच ठरवलं. ही पोर या घरातून नळा लावल्याशिवाय जायची नाही. माझ्या बापानं मला तशीच पाठवली, हिला तशी पाठवायची नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मालक पणत्यांची पाटी घेऊन कऱ्हाडच्या बाजारात गेले. दिवेलागणीशिवाय यायचे नव्हते. भरलेले नळे त्यांनी माळ्यावर ठेवले होते. मी त्यातला एक काढला. निवडून काढला. खोळ गोल, बूड नीट लिंपलेलं, वजनाला भरगच्च. शेवंताच्या हातात दिला आणि सांगितलं, आबा यायच्या आत.

पोरीचा विश्वास बसेना. म्हणाली, आबा रागावतील. मी म्हटलं, रागावले तर माझ्यावर रागावतील, आणि ते माझ्यावर रागावले तर काय होतं ते त्यांना चांगलं माहीत आहे. तेव्हा हसली. तिचं हसू असं एका बाजूनं यायचं, आधी डावा गाल, मग डोळे. तिनं सडा घातलेल्या अंगणात मधोमध नळा ठेवला. आजूबाजूचा पाचोळा झाडून काढला. पाण्याची कळशी आणून शेजारी ठेवली. मी सांगितलं नव्हतं. दिनकरला ओढून माझ्या मागं उभा केला. मग पदर खोचला, बोट ओलं करून वारा बघितला आणि उदबत्ती हातात घेतली.

सूर्य नुकता मावळला होता. कुंभारवाड्यात अजून एकही पणती लागली नव्हती. शेवंता वाकली. मी उंबरा सोडून अंगणात आले होते, तिच्या पाठीशी, तिच्या खांद्यावरून मलाही नळ्याचं ते तोंड दिसावं म्हणून. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही.

आणि मालक फाटकातून आत आले. पणत्या लवकर खपल्या होत्या. डोक्यावर रिकामी पाटी, काखेत गुळाची ढेप.

शेवंताचा हात तिथंच थांबला. मी तोंड उघडलं. भांडणाची सगळी तयारी मी दोन दिवस करून ठेवली होती, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. पण मालक ओरडलेच नाहीत. पाटी उतरवली, गूळ तिच्यात ठेवला आणि पायरीवर बसले. बाजारातून चालत आलेला माणूस बसतो तसे. मग म्हणाले, "लाव की. का थांबलीस?"

शेवंता म्हणाली, "आबा, तुमी न्हाई म्हणाला व्हता."

"म्हणालो व्हतो." मालक तिच्याकडं न बघता टोपीनं पायाची धूळ झाडत होते. "बारा-चौदा सालं न्हाई म्हणतोय. तू काय माझ्याकडनं दुसरं कंदी मागितलंस? आव्यापाशी मला तू लागतीस, म्हणून मी हाक मारतो. नळ्यापायी तुला मी लागतो, म्हणून तू येतीस. दर दिवाळीला येतीस, आबा एक नळा. मी न्हाई म्हणतो. मग फुडल्या दिवाळीला परत येतीस." टोपी गुडघ्यावर ठेवली. "आता तू तिकडं जाणार. आज लावलास की संपलं. मग काय मागायला येशील गं माझ्याकडं?"

एवढं लांब बोललेलं मी त्यांना लग्नापासून ऐकलं नव्हतं.

डाग नव्हता, पदर नव्हता, पाव्हणे नव्हते. त्या माणसाला आगीची भीती कधी नव्हतीच. मला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण पायरीवर बसलेल्या त्या माणसावर तो काढता येईना.

शेवंतानं उदबत्ती उलटी करून मातीत खुपसली. नळा उचलला, पदरानं त्याचं बूड पुसलं आणि बापाच्या मांडीवर ठेवला.

"ठेवा ह्यो," म्हणाली. "दिवाळसणाला येईन तवा लावीन. तुमच्याम्होरं."

मालकांनी तो दोन्ही हातांनी धरला. दोघंही त्या नळ्याकडं बघत बसले, आणि मी कळशी उचलून घरात गेले. त्या दिवशी लाडू वाढले ते ताटात आदळून वाढले. एकानं विचारलं नाही काय झालं म्हणून. बापलेकीचं जमलं होतं, माझं कोण विचारतं.

लग्न झालं. आव्यातलं एकही मडकं फुटलं नव्हतं. बोहल्याच्या चारी कोपऱ्यांना उतरंडी सरळ उभ्या राहिल्या. वाळव्याची पोरं-पोरी त्यांना हात लावून बघत होती. शेवंता गेली. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली आणि बापापाशी गेल्यावर फक्त म्हणाली, वल लागू देऊ नका. मंडपातल्या बायकांना वाटलं, पोर दुःखानं काहीबाही बोलतेय. मला कळलं. ती नळ्याचं सांगत होती.

ते वर्ष मी विसरायची नाही. घरात एका माणसाचं कमी झालं तर एका माणसाचंच कमी व्हायला पाहिजे, पण तसं होत नाही. चूल पेटवताना वाटायचं आत्ता हाक मारेल. कोळसा दिसला की ते काळं नाक आठवायचं. मालक तर आव्यापाशी चूड हातात घेऊन उभे राहायचे आणि मागं वळून बघायचे. तिथं कुणी नाही हे त्यांना माहीत असायचं, तरी बघायचे. मग स्वतःच लावायचे, घाईघाईनं. भांडी फुटायला लागली. आता मोजत मात्र नसत.

आणि तो नळा. त्याच्यासाठी त्यांनी झाकणाचं एक बोळकं खास घडवलं. पावसाळाभर माळ्यावर सगळ्यात कोरड्या कोपऱ्यात ते होतं. श्रावणात जरा ऊन पडलं की मालक तो नळा काढून सुपात घालायचे आणि अंगणात ठेवायचे. माझ्या ऊन दाखवायला काढलेल्या कुरडयांच्या शेजारी. बाजूला काठी घेऊन बसायचे, कोंबडी येऊ नये म्हणून. मी म्हणायची, घरभर दारू वाळत घाला, आणि पोरीला म्हणा भाजशील. ते नुसते हसायचे. हसताना त्यांचाही आधी डावा गाल हलायचा. इतकी वर्षं संसार केला आणि पोरीचं हसू कुणाचं ते मला ती गेल्यावर कळलं.

दिवाळी आली. पाडव्याला शेवंता आणि जावई आले. जावई रंगराव. त्याच्याबद्दल वाईट बोलायला माझ्याकडं काही नाही, आणि माझ्याकडं कुणाबद्दल नाही असं फार कमी वेळा होतं. सरळ पोरगा. शेवंता जरा भरली होती. हातात हिरव्या बांगड्या, अंगावर माझ्या निवडीचं नसलेलं पण चांगलं लुगडं. येताच तिनं बापाकडं बघितलं. मालकांनी मान हलवली. वल लागली नव्हती.

दिवाळसण म्हणजे काय ते सांगायला नको. जावई पहिल्या दिवाळीला सासरी आला की तो घरचा देव. त्याला पाट, त्याला रांगोळी, त्याला ओवाळणी. त्यानं पाणी तिखट आहे म्हटलं तरी सासऱ्यानं हो म्हणायचं. आमच्याकडं तर ते फारच कडक. माझ्या जिभेला गाव भ्यायचं, पण रंगराव आल्यापासून मी सुद्धा तोंडात गूळ धरल्यासारखी बोलत होते.

तिन्हीसांजेला ओवाळून झालं. शेजारपाजारची माणसं अंगणात जमली होती. मालक आत गेले, बोळकं घेऊन आले. झाकण काढलं, नळा बाहेर काढला आणि अंगणाच्या मधोमध स्वतःच्या हातानं ठेवला. दिनकरनं फुलबाजी पेटवली. मालकांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि शेवंताच्या हातात दिली. सगळ्यांदेखत. त्यांची छाती अशी भरून आली होती की मला वाटलं, बंडीची गुंडी तुटणार.

शेवंतानं पदर खोचला. वारा बघितला. वाकली.

रंगराव पुढं झाला. काळजीनं झाला, हेही मी शपथेवर सांगेन. तिच्या कोपराला हात लावला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आण हिकडं. भाजशील."

आणि तिच्या हातातून फुलबाजी घेतली.

मालक एक पाऊल पुढं आले. त्यांचं तोंड उघडलं. मी बघत होते. त्या उघड्या तोंडातून काय बाहेर यायला पाहिजे होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? जावईबापू, तिची ती, वर्षभर तिच्यासाठी ठेवलाय. एवढंच. पण पाडव्याच्या दिवशी, पाटावरून नुकत्याच उठलेल्या जावयाच्या हातातून काढून घ्यायचं, चार माणसांत, ते त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. आणि म्हणायचं तरी काय? भाजत नाही ती? जन्मभर त्यांनीच तिला सांगितलं होतं, भाजशील. त्याच शब्दांनी. त्याच आवाजात.

त्यांनी तोंड मिटलं.

शेवंता बाजूला सरली. रंगरावानं वाकून नळा लावला. पेटला तो असा की कुंभारवाड्यानं तसा नळा पुन्हा पाहिला नाही. वर्षभर उन्हं खाल्लेला होता. घराच्या पन्हाळीच्या वर गेला, तिथून पसरला, आणि पिवळ्या फुलांसारखा खाली अंगणभर उतरत राहिला. माणसं वा वा करत होती. रंगराव लहान पोरासारखा खूश झाला, वळून शेवंताकडं बघत होता, आवडला का म्हणून. तिनं टाळ्या वाजवल्या. त्या उजेडात ती नळ्याकडं बघत नव्हती. बापाकडं बघून हसत होती. त्याला वाईट वाटू नये म्हणून. डावा गाल हलला. डोळे नाही हलले.

ती उंबऱ्यावर उभी होती. माझ्या शेजारी. माझ्या जागेवर.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या सकाळच्या एसटीनं दोघं गेली. मी करंज्यांचा डबा बांधून दिला. गाडी वळणाआड गेली तरी मालक फाट्यावर उभे राहिले. मग आम्ही घरी आलो. ते सोप्यात बसले, बिडी काढली. विस्तव आणायला हाक मारायची सवय, तोंड उघडलं आणि मिटलं. मग बिडी तशीच कानाला लावली.

त्यानंतर शेवंता कितीतरी दिवाळ्यांना आली. पोरं घेऊन आली. नळा तिनं पुन्हा कधी मागितला नाही. पण ते नंतरचं. त्या सकाळी आम्हाला ते ठाऊक नव्हतं, निदान त्यांना नव्हतं.

मालक म्हणाले, "फुडल्या साली दुसरा करू. तिच्यापुरता. रंगरावाला आधी सांगून ठेवू."

मी चुलीपुढून उठले आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिले. ओरडले नाही. त्या दिवशी शेजारच्या घरात सुद्धा ऐकू गेलं नसेल.

"फुडल्या साली ती मागायची न्हाई," मी म्हटलं. "फुडल्या साली ती पोरास्नी म्हणंल, लांब व्हा, भाजशीला. तुमची माया खोटी व्हती असं मी म्हणणार न्हाई, मी बघितलीया ती, सुपात वाळत घातलेली. पण माया तुमी केलीसा, आन् उपास माझ्या पोरीला घडवलासा."